फाइल सर्व्हरवर कशी जाते? एफटीपीपासून आरसिंकपर्यंत

लॅबच्या वेबसाइटचं काम बहुधा सगळ्यात नव्या रिसर्च स्कॉलरच्या गळ्यात पडतं. तुमच्याही पडेल. मग कोणीतरी सीनियर सांगेल, "आरसिंक टाकून घे, एका कमांडमध्ये सगळं वर जातं." उबुंटूवर ते मिनिटभरात इन्स्टॉल होतंही. पण त्या एका कमांडमागे पंचवीस वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की सेटिंग पाठ करावी लागत नाहीत.

सुरुवात १९७१ ची. आयआयटी कानपूरहून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी त्या एप्रिलमध्ये आरएफसी ११४ लिहिलं. एफटीपीचा हा पहिला आराखडा. अर्पानेटवरचे संगणक वेगवेगळ्या बनावटीचे होते. समोरच्या संगणकात फाइल कशी साठवतात हे माहीत नसतानाही ती तिथे पाठवता यावी, हा त्यांचा प्रश्न. तो सुटला. पासवर्ड मात्र तारेवरून उघडाच जायचा.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. पोर्ट घेतला २२, म्हणजे एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधला!

आता सुरक्षितता आली, पण एक ओळ बदलली तरी अख्खी फाइल पाठवायची का? ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये याचं उत्तर दिलं. अडचण बघा: नवी फाइल तुमच्याकडे, जुनी सर्व्हरवर. दोन्ही एका जागी नसताना फरक काढायचा कसा? सर्व्हर जुन्या फाइलचे सारखे तुकडे करतो आणि प्रत्येकाचे दोन चेकसम पाठवतो. एक ३२ बिटांचा, झटपट निघणारा. दुसरा १२८ बिटांचा, खात्रीचा. तुमचा संगणक नव्या फाइलवर एकेक बाइट सरकत जुळणारे तुकडे शोधतो. झटपट चेकसम असा रचलाय की एक बाइट सरकल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागत नाही. जे जुळत नाही, तेवढंच पाठवायचं.

ही कल्पना ट्रिजेल यांच्या १९९९ च्या पीएचडी प्रबंधात आहे. गंमत म्हणजे त्या प्रबंधाचा पहिला भाग सॉर्टिंगवर आहे. आज जग वापरतं ते मात्र दुसऱ्या भागातलं काम. तेव्हा विषय थोडा वळला म्हणून घाबरू नका.

आता कॉन्फिगरेशन. एसएसएच की बनवा; पब्लिक की सर्व्हरवर ठेवा, प्रायव्हेट की कुणालाही देऊ नका. सोर्स फोल्डरच्या नावापुढे स्लॅश दिला तर आतल्या फाइल जातात, नाही दिला तर फोल्डरच जातो. आणि डिलीट हा पर्याय जपून वापरा. सोर्समध्ये जे नाही, ते तो सर्व्हरवरूनही काढून टाकतो. मी एकदा चुकून रिकामा फोल्डर सोर्स म्हणून दिला आणि लॅबचं अख्खं पान उडवलं. बॅकअप नव्हता. सरांसमोर उभं राहून ते सांगताना काय झालं ते विचारू नका.

म्हणून आधी ड्राय-रन लावा. काय जाणार, काय पुसलं जाणार, याची यादी दिसते. ती वाचा, मगच खरी कमांड चालवा.