मरिचझापी : वाघाच्या नावाने

जंगलाचा इतिहास लिहिणारे झाडे मोजतात, जनावरे मोजतात. हुसकावलेली माणसे त्यांच्या मोजदादीत येत नाहीत. सुंदरबनातील मरिचझापी बेटाची हकीकत म्हणूनच पुन्हा सांगणे भाग आहे.

१९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यासाठी जोगेंद्रनाथ मंडल झटले. ते नमःशूद्र होते. फाळणीत या समाजाचा बहुतेक मुलूख पाकिस्तानात गेला. आधी आलेल्या सवर्ण निर्वासितांनी कलकत्त्याभोवती वसाहती उभारल्या; मागाहून आलेल्या या शेतकरी-मच्छीमारांना दंडकारण्यात धाडले गेले. काहींना आपल्या चांदा जिल्ह्यात. खाडीची माणसे खडकाळ माळावर!

१९७८ मध्ये हजारो कुटुंबे परतली आणि मरिचझापीवर उतरली. विरोधी पक्षात असताना डाव्यांनी त्यांच्या बंगालमधील पुनर्वसनाची मागणी केली होती; आता सत्ता त्यांचीच होती. लोकांनी बांध घातले, कूपनलिका खणली, शाळा आणि दवाखाना काढला, होड्या बांधायला घेतल्या. जानेवारी १९७९ मध्ये जमावबंदी लागू झाली, पोलिसांच्या लाँचींनी बेटाला वेढा घातला, अन्नपाणी तोडले. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले. मृतांचा सरकारी हिशेब बोटांवर मोजण्याइतका, वाचलेल्यांचा शेकड्यांत.

सांगितलेले कारण काय? राखीव वन आणि १९७३ चा व्याघ्रप्रकल्प. पण हे वन राखीव केले कोणी? इंग्रजांनी. आधी महसुलासाठी त्यांनीच सुंदरबन तोडून जमिनी वाटल्या, वाघ मारणाऱ्याला इनाम दिले; पुढे लाकडाचा भाव कळला तेव्हा उरलेल्या रानाभोवती कायद्याचे कुंपण घातले. वाघाला इनामासाठी मारणारी आणि वाघासाठी माणूस मारणारी नोकरशाही एकाच वंशाची आहे.

वाघ आमचा वैरी नव्हे. तेथील मध गोळा करणारे, हिंदू असोत वा मुसलमान, बनबीबीची परवानगी मागून रानात शिरतात आणि गरजेपुरतेच घेतात. माणूस-जनावरांमधला हा करार वनखात्याच्या फायलीत कधी नोंदला गेला नाही.

पर्यटकांच्या लाँची मात्र त्याच पाण्यात फिरतात. आणि परवान्याविना खेकडे धरायला गेलेल्या नवऱ्याला वाघाने नेले, तर कित्येक विधवांनी ते मरण लपवले आहे. भरपाई दूरच, दंडाचीच भीती.