मिनिमम बॅलन्सचा दंड: लावला कुणी आणि मागे घ्यायला लावला कुणी?

पोस्ट मोठी आहे. पण पासबुकात कधीतरी शे-सव्वाशे रुपये कापल्याची ओळ दिसली आणि "जाऊ दे, कुठे भांडत बसायचं" म्हणून ज्यांनी सोडून दिलं, त्यांनी तरी पूर्ण वाचावी. हा दंड काही देवाघरून आलेला नाही. त्याला इतिहास आहे आणि तो फार जुनाही नाही.

१९६९ साली १४ बँका सरकारी झाल्या, १९८० मध्ये आणखी ६. त्यानंतर बँक गावोगाव पोचली. त्या काळात कुठल्या सेवेला किती पैसे घ्यायचे याचे दर बँकांची संघटना, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशन, ठरवून द्यायची. सप्टेंबर १९९९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही पद्धत बंद केली. आता प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाने आपापले दर ठरवावेत, असं ठरलं. उदारीकरणाचे दिवस होते, स्पर्धेमुळे दर आपोआप खाली येतील असा हिशेब होता. पण बँक बदलणं म्हणजे भाजीवाला बदलणं नव्हे. पगार, हप्ते, गॅसची सबसिडी, सगळं एका खात्याला जोडलेलं असतं. माणूस दोनशे रुपयांसाठी एवढा खटाटोप करत नाही, हे बँकांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

तक्रारी वाढल्या तशी रिझर्व्ह बँकही हलली. डिसेंबर २००२ मध्ये तिने सांगितलं की खातं उघडतानाच किमान शिल्लक किती हवी आणि नसेल तर किती कापणार हे ग्राहकाला कळवा. २००५ मध्ये "नो फ्रिल्स" खाती आली, २०१२ मध्ये त्यांचीच झाली बेसिक सेव्हिंग खाती. तिथे किमान शिल्लक ठेवायची अटच नाही. मधे २००६ साली बँकांचे आकार वाजवी आहेत का हे तपासायला एक कार्यगट नेमला होता. त्याचे अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्र-गोव्याचे तेव्हाचे बँकिंग लोकपाल एन. सदाशिवन.

खरा महत्त्वाचा कागद मात्र २० नोव्हेंबर २०१४ चा आहे. रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं. मग शिल्लक भरायला किमान एक महिना द्यायचा. तरीही नाही भरली तरच दंड, आणि तोही जेवढे पैसे कमी आहेत त्या प्रमाणात. शंभर रुपये कमी असणाऱ्याला आणि तीन हजार कमी असणाऱ्याला एकच दंड चालणार नाही. दंड सेवेच्या खर्चाला धरून हवा. आणि निव्वळ या दंडामुळे खातं उणे व्हायला नको. त्याच वर्षी मे महिन्यात आणखी एक आदेश निघाला होता: बंद पडलेल्या, व्यवहार नसलेल्या खात्यावर हा दंड लावायचाच नाही.

आता बघा. नोकरी सोडली, पगार येणं थांबलं, काही महिन्यांनी सॅलरी खात्याचं साधं सेव्हिंग खातं झालं आणि झीरो बॅलन्सची सवलत गेली. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या तक्रारी इथूनच सुरू होतात. बँकेने कळवलं होतं का? महिना दिला होता का? हे दोन प्रश्न विचारणारे किती निघतात?

मग आलं २०१७. स्टेट बँकेने २०१२ मध्ये बंद केलेला हा दंड १ एप्रिल २०१७ पासून पुन्हा सुरू केला. मोठ्या शहरांत सरासरी ५,००० रुपये शिल्लक हवी, नाहीतर महिन्याला १०० रुपयांपर्यंत दंड आणि वर कर. तेव्हाच्या अध्यक्षा अरुंधती भट्टाचार्य यांचं म्हणणं होतं की जन धनची ११ कोटी खाती सांभाळायचा बोजा आहे, तो कुठून तरी भरून काढायला हवा. म्हणजे एका गरिबाच्या खात्याचा खर्च दुसऱ्या जवळजवळ तेवढ्याच गरिबाकडून घ्यायचा. कारण ज्याच्याकडे पाच हजार आहेत त्याला हा दंड लागतच नाही.

वर्ष संपता संपता आकडा बाहेर आला. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत स्टेट बँकेने या एका दंडापोटी १,७७१ कोटी रुपये गोळा केले होते. जुलै-सप्टेंबर तिमाहीचा तिचा निव्वळ नफा होता १,५८१ कोटी. आयआयटी मुंबईचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी त्याच सुमारास बऱ्याच बँकांच्या दंडाचे टप्पे तपासले. काही बँका कमी पडलेल्या रकमेवर सरासरी वर्षाला ७८ टक्के दराने वसूल करत होत्या. गावातला सावकार यापेक्षा बरा म्हणायची वेळ. "प्रमाणात" हा शब्द परिपत्रकात होताच, पण टप्पे पाडायची मुभाही त्यातच होती, आणि बँका त्या फटीतून आरामात निघून गेल्या.

बोंबाबोंब झाली. स्टेट बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये शहरातली अट ३,००० वर आणली आणि पेन्शनर, अज्ञान मुलं यांना वगळलं. एप्रिल २०१८ पासून जास्तीत जास्त दंड ५० वरून १५ रुपयांवर आला. मार्च २०२० मध्ये सर्व बचत खात्यांवरची किमान शिल्लकेची अटच काढून टाकली. शंभराचे पन्नास, पन्नासचे पंधरा, पंधराचं शून्य, तेही तीन वर्षांच्या आत. मग पहिले शंभर कुठल्या खर्चाला धरून ठरवले होते?

दुसरा किस्सा जास्त बोचरा आहे. बेसिक सेव्हिंग खात्यातून महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढले किंवा दिले, तर स्टेट बँक दर व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे कापायची. यूपीआयने दिलेले पैसेसुद्धा त्यात धरायची. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना सांगितलं की १ जानेवारी २०२० पासून डिजिटल व्यवहारांवर घेतलेले पैसे परत करा. सुमारे ९० कोटी परत झाले. त्याआधीच्या काळाचे १६४ कोटी परत द्यायचे राहिले, असं दास यांच्याच २०२१ च्या अहवालात आहे. नियम लागू झाला त्या तारखेनंतरचे मिळाले, आधीचे गेले.

वेळेत मागणं किती महत्त्वाचं असतं याचा याहून मोठा धडा इंग्लंडमध्ये मिळाला. तिथे खात्यात पैसे नसताना चेक किंवा हप्ता आला की तीस-पस्तीस पाऊंड कापायचे. २००६ च्या आसपास हजारो साध्या ग्राहकांनी पत्रं लिहिली, छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेले. बँका बहुतेक वेळा निकाल लागायच्या आत गुपचूप पैसे परत करत होत्या. पुढे सरकारी यंत्रणेने एक नमुना खटला चालवला. खालच्या दोन्ही कोर्टांत ग्राहकांच्या बाजूने कौल गेला, पण नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बँकांचं म्हणणं धरलं: हे पैसे खातं चालवायच्या किमतीचाच भाग आहेत, म्हणून ते वाजवी आहेत का हे त्या नियमाखाली तपासता येणार नाही. ज्यांनी आधी मागितले त्यांना मिळाले होते. निकालाची वाट बघत बसलेल्यांची बहुतेकांची दारं बंद झाली.

आपल्याकडे ती "किंमत" आहे असं म्हणणं बँकेला तितकं सोपं नाही. रिझर्व्ह बँकेने त्याला दंड म्हटलंय आणि तो खर्चाशी बांधलाय. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७४ सुद्धा करार मोडल्याबद्दल वाजवी भरपाईच मिळेल असं सांगतं.

म्हणून सगळ्यांनीच उठून भांडावं असं माझं म्हणणं नाही. बँकेने रीतसर कळवलं असेल, महिना दिला असेल, रक्कम प्रमाणात असेल, तर ते पैसे गेले असं समजा. जुलै २०२४ मध्ये संसदेत सरकारने दिलेल्या माहितीनुसार सरकारी बँकांनी पाच वर्षांत या दंडाचे सुमारे साडेआठ हजार कोटी घेतले. त्यातले किती नियमात बसत होते ते खातेदाराने विचारल्याशिवाय कळत नाही. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनी हा दंड बंद केला. त्याच ऑगस्टमध्ये आयसीआयसीआयने शहरातल्या नव्या खात्यांसाठी ५०,००० ची अट आणली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती १५,००० वर आणली.

विचारायचं असेल तर तोंडी नको. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. कुठल्या तारखेला किती कापले, मला कधी आणि कसं कळवलं, महिन्याची मुदत कधी दिली, एवढंच विचारा. स्टेटमेंटची प्रत जोडा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही. पोचपावती मात्र जपून ठेवा, तिच्याशिवाय तिथे गाडी पुढे सरकत नाही.