राजाच्या घड्याळजीचं प्रवासी घड्याळ

सोन्याचा मुलामा दिलेली पितळी चौकट, आतली यंत्रणा दाखवणारी काच, वर धरायला मूठ आणि सोबत चामड्याची पेटी. फ्रेंच प्रवासी घड्याळ एवढ्यावरून ओळखू येतं. त्याचं कूळ विचारलं, की बहुतेक जण अब्राहम-लुई ब्रेगेचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. 1798 च्या एप्रिलमध्ये, इजिप्तच्या मोहिमेवर निघण्याआधी, नेपोलियनने ब्रेगेकडून 178 क्रमांकाचं छोटं प्रवासी घड्याळ घेतलं होतं. पण ब्रेगेचं असं घड्याळ मोजक्याच श्रीमंतांना परवडायचं, आणि प्रत्येक नग वेगळा घडवलेला असायचा.

ते पुष्कळांच्या हाती दिलं पॉल गार्निएने, आणि माझ्या मते त्याची कामगिरी मोठी आहे. 1801 मध्ये एपिनाल गावी जन्मलेला हा माणूस पॅरिसमध्ये आंतिद जांव्हिएच्या हाताखाली शिकला. जांव्हिए सोळाव्या लुईचा घड्याळजी होता.

घोडागाडीच्या हिसक्यांत लंबक टिकत नाही. त्याच्या जागी बारीक स्प्रिंगवर मागेपुढे फिरणारं बॅलन्स व्हील हवं, आणि मुख्य स्प्रिंगचा जोर दात्यादात्याने सोडणारं एस्केपमेंटही. हा भाग साधा आणि स्वस्त केल्याशिवाय घड्याळ स्वस्त होणार नव्हतं. गार्निएने 1830 मध्ये नेमकं त्याचंच पेटंट घेतलं. एकाच दांडीवर दोन दातेरी चाकं, आणि बॅलन्स व्हीलच्या दांडीवरचा एकच तुकडा त्यांचे दाते आळीपाळीने अडवतो नि सोडतो. इंग्रज घड्याळजींना त्यात कडबा कापायचं यंत्र दिसलं, आणि त्यांच्यात तेच नाव रूढ झालं.

पुढे या घड्याळांचा मोठा धंदा उभा राहिला. नॉर्मंडीतल्या दिएपजवळच्या सँ-निकोला-दालिएर्माँ गावात कच्च्या यंत्रणा तयार होत आणि पॅरिसचे कारागीर त्या पूर्ण करत. पुढच्या घड्याळांत लिव्हर एस्केपमेंट आलं आणि गार्निएची रचना मागे पडली. स्वतः गार्निए रेल्वेच्या घड्याळांकडे वळला. 1869 मध्ये तो वारला.

त्याची जुनी घड्याळं आजही लिलावात येतात. एखादं पाहायला मिळालं, तर आधी तबकडीवरची अक्षरं वाचा. काहींवर गार्निएच्या नावापुढे ‘राजाचा घड्याळजी’ अशी फ्रेंच अक्षरं आहेत. फ्रान्सचा शेवटचा राजा लुई-फिलिप 1848 च्या क्रांतीत पदच्युत झाला, त्यामुळे ती घड्याळं त्याआधीची मानली जातात.