लाकडाचा कस

रायपूरचा सदर बाजार सोन्याचांदीच्या पेढ्यांसाठी ओळखला जातो. कसोटीच्या दगडावर ओढलेली एक रेघ तेथे धातूची जात सांगते, आणि ती जात जागा बदलल्याने बदलत नाही. सोने तिजोरीत ठेवावे, विहिरीत टाकावे किंवा मातीत पुरावे. ते सोनेच राहते. लाकडाचे तसे नसते. त्याचा कस त्याच्या जातीवर जितका अवलंबून असतो, तितकाच ते कोठे ठेवले आहे यावरही. या गोष्टीचा एक विलक्षण पुरावा याच शहरात, महंत घासीदास स्मारक संग्रहालयात आहे. तो म्हणजे किरारीचा काष्ठस्तंभ.

सन १९२१ मध्ये तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावचा हीराबांध तलाव आटला. तळाचा गाळ काढताना ग्रामस्थांना एक मोठा लाकडी खांब सापडला. त्याच्या अंगावर ब्राह्मी लिपीतील अक्षरे कोरलेली होती. अक्षरांच्या वळणावरून अभ्यासकांनी त्याचा काळ इसवी सनाचे दुसरे शतक असा ठरवला. लेखात राजवाक्ये नाहीत. सेनापती, प्रतीहार, गणक, भांडागारिक अशी अधिकाऱ्यांची पदनामे आहेत. लाकूड बीजासालचे, म्हणजे मराठीत ज्याला बिबळा म्हणतात त्याचे. ज्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी रंग बदलते, तेच हे झाड.

सुमारे सतराशे-अठराशे वर्षे तलावाच्या चिखलात हा खांब अक्षरांसह टिकून राहिला. बाहेर काढल्यावर मात्र तो उन्हात सुकू लागला, पृष्ठभागाच्या ढलप्या सुटू लागल्या आणि त्यांच्याबरोबर अक्षरेही गळून पडली. गावातील पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी ती अक्षरे तत्पूर्वी कागदावर उतरवून घेतली होती. पुढे पुरालेखतज्ज्ञ हीरानंद शास्त्री यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त या लेखाचे वाचन प्रसिद्ध केले, त्याला मुख्य आधार या नकलेचाच होता. शतकानुशतके पाण्याने जे राखले, ते कोरड्या हवेने अल्पावधीत नेले.

हे कोडे उलगडले की जहाजबांधणीतील एक जुना प्रश्नही उलगडतो. जहाजाचा डेक नव्याने बांधायचा असेल, तर न कुजणारे लाकूड कसे निवडावे?

लाकूड कुजते म्हणजे त्याला बुरशी खाते. लाकडाच्या पेशीभित्ती सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांच्या बनलेल्या असतात. तपकिरी कूज घडवणाऱ्या बुरश्या प्रामुख्याने सेल्युलोज व हेमिसेल्युलोज फस्त करतात; मागे उरते ते चौकोनी भेगा पडलेले, हाताने चुरा होणारे लाकूड. पांढरी कूज घडवणाऱ्या बुरश्या लिग्निनही पचवतात. या सर्वांना अन्नाखेरीज तीन गोष्टी लागतात: ओलावा, प्राणवायू आणि ऊब. लाकडातील पाण्याचे प्रमाण कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून कमी असेल, तर बुरशी वाढत नाही. उलट पेशींच्या पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या, तर हवेला जागा उरत नाही आणि बुरशी गुदमरते. कूज होते ती या दोन टोकांच्या मध्ये.

किरारीचा खांब दुसऱ्या टोकाला होता. प्राणवायूविना बुरशी त्याच्यापर्यंत पोहोचली नाही. काही जीवाणू मात्र अशा चिखलातही जगतात आणि अतिशय संथपणे पेशीभित्ती आतून पोखरत राहतात. अशा लाकडाचा आकार शाबूत दिसतो, पण त्याला उभे धरलेले असते ते आत भरलेल्या पाण्याने. ते पाणी उडू लागले की सूक्ष्म छिद्रांत पाण्याचा वक्र पृष्ठभाग तयार होतो आणि पृष्ठताण भित्तींना आत ओढतो. छिद्राची त्रिज्या १० नॅनोमीटर असेल, तर ही ओढ वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १४० पट भरते. पोखरलेली भित्त तिच्यापुढे टिकत नाही. स्टॉकहोमच्या बंदरातून १९६१ मध्ये वर काढलेल्या ‘वासा’ या युद्धनौकेचे लाकूड याच कारणाने थेट सुकू दिले गेले नाही. पाण्याची जागा पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या पदार्थाने घ्यावी म्हणून तिच्यावर त्याच्या द्रावणाचा फवारा १७ वर्षे चालू होता.

आता जहाजाकडे पाहावे. पाण्याखाली सतत बुडालेल्या फळ्यांना बुरशीचे भय कमी असते. तेथील शत्रू म्हणजे टेरेडो, कोकणात ज्याला भिरूड म्हणतात तो लाकूड पोखरणारा शिंपल्याच्या कुळातील जीव. त्याच्याविरुद्ध तेल-चुन्याचे लेप आणि पुढे तांब्याचे पत्रे वापरले गेले. जहाज खरोखर कुजते ते वरून. डेकवर पावसाचे गोडे पाणी पडते, ते फळ्यांच्या सांध्यांतून झिरपते, खिळ्यांच्या छिद्रांत साठते आणि खालच्या कोंदट, उबदार जागेत अर्धवट ओले राहते. ओलावा, हवा आणि ऊब यांची जी मध्यम स्थिती बुरशीला हवी असते, ती डेकवर आयती मिळते. मिठाचे पाणी बुरशीला मानवत नाही. म्हणून डेक समुद्राच्या पाण्याने धुण्याची खलाशांची जुनी रीत केवळ सोयीची नव्हती, तिच्यात शहाणपणही होते.

या ज्ञानाची किंमत ब्रिटिश आरमाराने १८१० मध्ये चुकवली. त्या वर्षी डेप्टफर्ड येथे ‘क्वीन शार्लट’ हे १०० हून अधिक तोफांचे जहाज पाण्यात उतरले. युद्धाच्या घाईत वापरलेले लाकूड नीट मुरलेले नव्हते. समुद्रावर जाण्याआधीच ते बुरशीने इतके ग्रासले की १८१२ मध्ये नौदलाने निसर्गवैज्ञानिक जेम्स सोअर्बी यांना तपासणीसाठी बोलावले. त्यांनी जहाजावर वाढणाऱ्या बुरश्यांची पाहणी केली, आणि मोठ्या खर्चाने दुरुस्ती झाल्यावरच ते कामाला लागले.

त्याच १८१० मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ‘मिंडेन’ पाण्यात उतरले. ते मलबारच्या सागवानाचे होते आणि अर्धशतकानंतर, १८६१ मध्ये, विकले जाईपर्यंत वापरात राहिले. १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’ त्याहून चिवट निघाले. अखेरच्या काळात धक्क्याचा भाग म्हणून काम करून ते १९५७ मध्ये मोडीत गेले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्याचे पहिले आराखडे ‘जावा’ या जहाजाबरोबर १८१२ मध्ये समुद्रातच नष्ट झाले होते आणि ते पुन्हा मागवावे लागले. १९८७ पासून २००१ पर्यंत त्याचा जीर्णोद्धार चालला.

सागवानाचे हे यश कशात आहे? झाडाच्या खोडात बाहेरचे फिकट रसकाष्ठ असते आणि आतले गडद मध्यकाष्ठ. रसकाष्ठातून पाणी वाहते आणि त्यात साखर व पिष्ट साठते. ते बुरशीचे आवडते अन्न. मध्यकाष्ठ तयार होताना झाड त्यात स्वतःच्या रक्षणासाठी विषारी द्रव्ये भरते. सागात टेक्टोक्विनोनसारखी क्विनोन द्रव्ये आणि रबरासारखा, पाणी दूर सारणारा अंश असतो. बिबळ्यात टेरोस्टिल्बीन असते. म्हणजे सागवानाचे रसकाष्ठ इतर कोणत्याही लाकडाइतकेच लवकर कुजते. फळीच्या कडेला फिकट पट्टा दिसला, तर जातीच्या नावावर विसंबून चालत नाही.

दुसरा गुण स्थिरतेचा. ओलावा घेताना व सोडताना सागवान ओकच्या तुलनेत कमी फुगते आणि कमी आकसते, त्यामुळे डेकचे सांधे कमी उघडतात. तिसरा गुण धातूशी असलेल्या सलोख्याचा. ओकमधील आम्ले व टॅनिन लोखंडी खिळ्याला गंजवतात, आणि खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडून दुबळे होते. सागवानाचा तेलकट अंश खिळ्याला सांभाळतो. चौथी गोष्ट झाडाची नाही, माणसाची. मलबार आणि ब्रह्मदेशात उभ्या सागाच्या बुंध्याभोवती साल व रसकाष्ठाचे कडे कापून झाड दोन-तीन वर्षे जागेवरच वाळू देत. ओले सागवान नदीवर तरंगत नाही, म्हणून ही रीत पडली; पण तिच्यामुळे लाकूड मुरूनच गोदीत येई. ‘क्वीन शार्लट’ला जे मिळाले नाही ते हेच.

चांगल्या लाकडाला मागणी आली की जंगलावर ओढ येते, हे मराठी राज्यकर्त्यांनी ओळखले होते. अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवानादी वृक्ष राज्याच्या अरण्यातून परवानगीने तोडावेत असे सांगितले आहे. आंबा आणि फणस हेही आरमाराच्या उपयोगाचे. तरी त्यांना हात लावू देऊ नये, कारण रयतेने ते लेकरांप्रमाणे दीर्घकाळ वाढवलेले असतात, असा त्याचा आशय आहे. एखादे झाड जीर्णच झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. लाकूड निवडताना त्याच्या टिकाऊपणाबरोबर ते कोणाच्या अंगणातून येते हा प्रश्नही विचारला पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. शंभर वर्षांनी मुंबईच्या गोदीची भूक मलबारच्या अरण्यांना पेलवेना. नीलांबूर येथे १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली, आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याने अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमले.

सागवान दुर्मीळ झाल्यावर विज्ञानाने उलटा प्रश्न विचारला. झाड जे द्रव्य मध्यकाष्ठात भरते, ते माणसाला साध्या लाकडात भरता येईल काय? त्याचे एक जगभर गाजलेले उत्तर भारतात मिळाले. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी १९३३ च्या सुमारास तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले. ‘अस्कू’ हे त्याचे नाव आर्सेनिक व तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून आले. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंशी असे बांधते की पावसाने ते सहज धुऊन जात नाहीत. विजेचे खांब, धक्क्यांचे खुंट, कुंपणे यांसाठी ते जगभर वापरले गेले. पण आर्सेनिक ते आर्सेनिकच. अनवाणी पावले आणि मुलांचे हात जेथे टेकतात तेथे ते नको, या विचाराने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी असे लाकूड बनवणे थांबले. डेकही असाच, हातापायांखाली येणारा.

त्यानंतरची वाट विषाऐवजी पाण्याकडे वळली. पेशीभित्तीतील हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात. ॲसिटिलीकरणात त्यांच्या जागी ॲसिटिल गट बसवले जातात. लाकूड कमी पाणी शोषते, कमी फुगते आणि बुरशीला पुरेसा ओलावा मिळत नाही. सुमारे २०० अंश सेल्सिअसला, प्राणवायू टाळून तापवलेल्या लाकडातही ओलाव्याची ओढ घटते. मात्र ते काहीसे ठिसूळ होते, म्हणून भार पेलणाऱ्या तुळयांना ते योग्य नाही. सागरी प्लायवुडसाठी भारतात आयएस ७१० हे मानक आहे. त्याचा गोंद पाण्यात टिकतो, पण कापलेल्या कडा बंद केल्या नाहीत तर पाणी तेथूनच आत शिरते, कारण लाकूड तंतूंच्या दिशेने आडव्यापेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढते.

म्हणून डेक पुन्हा बांधणाऱ्याने पहिला प्रश्न ‘कोणते लाकूड?’ असा विचारू नये. ‘जुने कोठून कुजले?’ असा विचारावा. फळ्यांची टोके, खिळ्यांची छिद्रे, डोलकाठीचा पाया, बंद कोपरे: कूज बहुधा येथूनच सुरू होते. तेथे पाणी साचू न देणे, खालून हवा खेळती ठेवणे आणि टोके बंद करणे एवढे केले, तर मध्यम प्रतीचे लाकूडही दीर्घकाळ टिकते. ते केले नाही, तर उत्तम सागवानही केवळ काही वर्षांची सवलत देते.

२१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ या शिवलेल्या नौकेमुळे हा विषय पुन्हा चर्चेत आला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून गोव्यात बांधलेल्या या नौकेच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या आहेत आणि सांधे नैसर्गिक राळेने भरले आहेत. शिवण सैल होते, राळ तडकते, ती पुन्हा भरावी लागते. अशी नौका काळजीवर चालते. तिच्या पूर्वजही तशाच चालत.

आणि किरारीचा स्तंभ? त्याचे लाकूड आजही रायपुरात आहे, पण त्यावरची बहुतेक अक्षरे आता लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांच्या नकलेमुळेच वाचता येतात. बिबळ्याचा कस खोटा नव्हता. जागा बदलली तेव्हा काळजीही बदलायला हवी होती, हे त्या उन्हात कोणाला ठाऊक नव्हते.