एक डिस्क, दोन प्रणाली

१/३ १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले: पूर्वेचे मुख्यालय जळगाव, पश्चिमेचे धुळे. संगणकाच्या डिस्कचेही असे विभाग पडतात. १९८३ च्या डॉस २.० पासून त्यांची नोंद डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत होऊ लागली. जागा फक्त चार नोंदींची.

२/३ संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्रॅमही तिथेच असे. लिनक्सनंतर विंडोज बसवले की तो बदलला जाई. लिनक्स डिस्कवर शाबूत राही, पण तिथे जाण्याची वाट बंद होई.

३/३ १९९५ मध्ये एरिक बोलीन यांनी ‘ग्रब’ लिहिले. सुरुवातीलाच प्रणालींची यादी दिसते. ठरलेल्या सेकंदांत निवड न केल्यास मूळ पर्याय सुरू होतो. हा पर्याय आणि हे सेकंद वापरकर्ता स्वतः ठरवतो. म्हणूनच आधी विंडोज, मग लिनक्स हा क्रम रूढ झाला.