केंटकीला परतलेला वॉटर हीटर

अमेरिकेतल्या आपल्या घरांत जीई हे नाव कुठे ना कुठे असतं. फ्रिजवर, नाहीतर डिशवॉशरवर. ही यंत्रं बनवणाऱ्या, केंटकीतल्या लुईव्हिलच्या ‘अप्लायन्स पार्क’ची कहाणी ऐकण्यासारखी आहे. ‘कारखाने मायदेशी आणा’ ही घोषणा सध्या रोज कानांवर पडते. ते प्रत्यक्षात घडतं तेव्हा काय होतं, ते इथे दिसतं.

जीईने हे आवार १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला उभारलं. सहा अवाढव्य इमारती आणि स्वतःचा झिप कोड! १९७३ मध्ये इथे २३,००० माणसं कामाला होती. पुढे ओहोटी लागली. १९८१ ते २००१ या काळात जीईची सूत्रं जॅक वेल्च यांच्याकडे होती. कारखाना तराफ्यावर असावा आणि जिथे स्वस्त पडेल तिथे तो हलवावा, असं त्यांचं मत. कामं मेक्सिको, चीनकडे गेली. २००८ मध्ये तर जीईने हा विभागच विकायला काढला. पण मंदीत गिऱ्हाईक मिळालं नाही. २०११ पर्यंत कामगार दोन हजारांच्याही खाली आले.

मग वारं फिरलं. चीनमधली मजुरी वाढत होती, इंधन महागलं होतं. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा ‘जिओस्प्रिंग’ हा वॉटर हीटर चीनमध्ये तयार होत असे. २०१२ मध्ये जीईने तो लुईव्हिलमध्ये बनवायला घेतला. आराखडा समोर आल्यावर इथली मंडळी चक्रावली. आत तांब्याच्या नळ्यांचं असं जंजाळ होतं, की वेल्डिंग करणाऱ्याचा हातच नीट पोचेना. अभियंते आणि जोडणी करणारे कामगार एकत्र बसले आणि त्यांनी रचनाच बदलली. दहा तासांचं काम दोन तासांवर आलं, माल कमी लागू लागला. दुकानातली किंमत १,५९९ डॉलरवरून १,२९९ झाली. चीनहून येणाऱ्यापेक्षा इथला माल स्वस्त!

मजुरी वाचवताना जीईने काय गमावलं होतं, ते इथे कळलं. रेखाटणारा एका खंडात आणि जोडणारा दुसऱ्या, अशी फारकत झाली की ‘हे असं का केलंय?’ असं विचारणारं जवळ कुणी उरत नाही. हे नुकसान कुठल्याच हिशेबवहीत दिसत नाही.

पण कहाणी इथे गोड होत नाही. नव्या कामगारांचा पगार ताशी साडेतेरा डॉलरपासून सुरू होई, जुन्यांपेक्षा सुमारे आठ डॉलरने कमी. २३,००० चे दिवस परतले नाहीत. २०१६ मध्ये चीनच्या हायर कंपनीने हा सगळा विभाग विकत घेतला आणि त्याच वर्षाअखेर खप पुरेसा नाही म्हणून लुईव्हिलमधला जिओस्प्रिंग बंद झाला.

जून २०२५ मध्ये याच कंपनीने जाहीर केलं, की चीनमध्ये बनणारी काही वॉशिंग मशीन्स अप्लायन्स पार्कमध्ये बनवणार. खर्च ४९ कोटी डॉलर, नोकऱ्या ८००. मालक चिनी, काम अमेरिकेत!

या दोन आकड्यांचा भागाकार करून पाहा: एका नोकरीमागे सहा लाख डॉलरहून जास्त. एवढा पैसा मुख्यतः यंत्रांवरच खर्च होणार. कारखाना परत येतो. तो गेला तेव्हा ज्यांची रोजी गेली, त्यांची पाळी मात्र परत येतेच असं नाही. घोषणा ऐकताना एवढं लक्षात ठेवावं.