लदीन: एका उत्तराची कुळकथा

चौथ्या शतकाच्या अखेरीस, 381 ते 384 च्या दरम्यान, एजेरिया नावाची एक स्त्री पश्चिम युरोपातून जेरुसलेमच्या यात्रेला गेली आणि पाहिलेलं सारं तिनं आपल्या भगिनींसाठी लिहून ठेवलं. त्यात संध्याकाळच्या प्रार्थनेचं एक दृश्य आहे. डीकन एकेक नाव घेतो आणि भोवती उभी असलेली पुष्कळ मुलं दर नावाला उत्तर देतात, 'किरिये एलेइसन'. प्रभू, दया कर. गोव्यात आज जिला लदीन म्हणतात, त्या प्रार्थनेची घडण या दृश्यात आधीच दिसते.

ग्रीक भाषेत 'लितानेइया' म्हणजे विनवणी. त्याचं लॅटिनमध्ये 'लितानिया' झालं, पोर्तुगीजमध्ये 'लादाइन्या' आणि कोंकणीत लदीन. शब्द झिजत गेला, रीत मात्र तीच राहिली: एकानं पुकारायचं, सगळ्यांनी उत्तर द्यायचं. पुकारा दर वेळी नवा, उत्तर तेच.

ही विनवणी रस्त्यावर आली ती संकटात. आजच्या फ्रान्समधल्या व्हिएन गावात भूकंप आणि आगींनी लोक हवालदिल झाले, तेव्हा 470 च्या सुमारास बिशप मामेर्तुस यांनी तीन दिवसांचा उपास आणि मिरवणुका सुरू केल्या. 511 मध्ये ऑर्लेआंच्या धर्मपरिषदेनं ही प्रथा फ्रँक राज्यातल्या चर्चना लावून दिली. 590 मध्ये रोममध्ये प्लेगची साथ आली. खुद्द पोप तिला बळी पडले. त्यांच्या जागी निवडले गेलेले ग्रेगरी यांनी शहराला सात मिरवणुकांत विभागलं. धर्मगुरू, मठवासी, मठवासिनी, मुलं, विधवा, असे वेगवेगळे जथे वेगवेगळ्या चर्चमधून निघाले आणि किरिये एलेइसन म्हणत सांता मारिया माज्जोरे या चर्चकडे चालले. तासाभरात चालता चालता 80 माणसं कोसळली, असं तूरचे इतिहासकार बिशप ग्रेगरी नोंदवतात. लॅटिन बोलणारं रोम मरणाच्या दारात ग्रीक शब्द घोकत होतं.

अशा माणसांना झेपेल तीच चाल टिकणार. मठातलं गाणं शिकायला वर्षं लागत. एकेका अक्षरावर सुरांची लांब लड उलगडे आणि ती पाठ करावी लागे, कारण नेमका सूर दाखवणाऱ्या रेषा अरेझ्झोच्या ग्विदो यांनी रूढ केल्या त्या 1025 च्या आसपास. लदीनीला यातलं काहीच लागत नाही. संतांच्या लदीनीत नाव जवळजवळ एकाच सुरावर उच्चारलं जातं, शेवटी आवाज थोडा वळतो. लोकांचं 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे 'आमच्यासाठी विनंती कर', तितकंच आखूड. ना पुस्तक हवं, ना ताल, ना कसलेला गळा. धर्मगुरूची दीक्षा घेणारा तरुण आजही जमिनीवर पालथा पडलेला असतो आणि त्याच्यावरून हीच नावं एकामागून एक जात राहतात.

संतांच्या लदीनीसारखीच येशूची आई मरिया हिचीही लदीन आहे; तिला नाव मिळालं इटलीतल्या लोरेतो या तीर्थस्थानावरून. पोप सिक्स्तुस पाचवे यांनी 1587 मध्ये तिला मान्यता दिली. तिच्यात भर पडणं मात्र थांबलेलं नाही. 2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तीन नव्या हाका जोडल्या आणि त्यातल्या एकीत मरियेला स्थलांतरितांचा दिलासा म्हटलं आहे.

पोर्तुगीजांबरोबर ही लदीन गोव्यात आली आणि चर्चच्या शाळांतल्या मेस्तांनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, तिच्यावर व्हायोलिन चढवलं. एकसुरी पुकाऱ्याची दोन-तीन आवाजांची गाणी झाली. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रूसापुढे, मेणबत्त्या लागतात, शेजारीपाजारी जमतात, लदीन होते आणि मग उकडलेले चणे वाटले जातात. जमलेल्यांपैकी बहुतेकांना लॅटिन येत नाही. रोमकरांनी ग्रीक जपलं तसं त्यांनी लॅटिन जपलं आहे. कडेवरचं मूलसुद्धा दोन-चार नावं ऐकून घेतं आणि पाचव्याला सगळ्यांबरोबर उत्तर देतं.